पाण्यात उभं राहायला आम्हाला एक तास द्या



दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मी आमच्या फादरांबरोबर आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन जाते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून हे काम माझ्याकडे आहे. सुरुवातीला त्या यादीत कॅन्सरचे, अर्धांगवायूचे, दम्याचे पेशंट असायचे. अलीकडे यादी हातात घेतली की लक्षात येतं, निम्म्याहून जास्त नावं पडलेल्या बायकांची आहेत. एक न्हाणीघरात पाय घसरून पडली. एक रात्री लघवीला उठली आणि उंबऱ्याला अडखळली. एक तर मिस्सा संपवून खाली उतरताना, शेवटची पायरी संपली असं समजून पुढे पाऊल टाकती झाली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हाड जुळलं, घरच्यांनी पैसा आणि माया दोन्ही कमी पडू दिलं नाही. पण बाई परत चर्चला आली नाही. डॉक्टर म्हणतात, चाला, काही हरकत नाही. बाई म्हणते, टीचर, मला भ्या वाटतं.

ही भीती मला चांगली ठाऊक आहे. चार वर्षांपूर्वी मी स्वतः पडता पडता वाचले. बाजारात कोथिंबीर बघायला मान वळवली आणि जमीन पायाखालून सरकल्यासारखी झाली. भाजीवालीने दंड धरला म्हणून निभावलं. हाड मोडलं नाही, पण त्या दिवसापासून माझं चालणं बदललं. नजर जमिनीवर, पावलं लहान, एक हात सतत भिंत शोधतोय. सलवार घालायची तर पलंगावर बसून. चर्चमध्ये बाकाच्या कडेची जागा, कारण तिथे धरायला आधार असतो. पहिल्या घंटेला अख्ख्या शाळेला सरळ उभी करणारी बाई मी, माझंच मला सरळ उभं राहवेना.

माणूस तोल सांभाळतो तो तीन गोष्टींच्या जोरावर. कानाच्या आत द्रवाने भरलेल्या बारीक नळ्या आहेत, त्या डोकं कुठे कललं ते सांगतात. डोळे आजूबाजूचं सांगतात. आणि तळपाय नि घोटे जमीन कशी आहे ते सांगतात. वय झालं की तिन्ही साक्षीदार थोडे थोडे डळमळतात. डोळ्यांत मोतीबिंदू येतो. साखरेच्या आजाराने तळपाय बधिर होतात. मांडीचे स्नायू झडतात, म्हणजे निरोप वेळेवर पोहोचला तरी पाय वेळेवर उचलत नाही. त्यात झोपेची गोळी आणि प्रेशरची गोळी. बायकांच्या बाबतीत आणखी एक भर, पाळी गेल्यानंतर हाडं भराभर विरळ होतात. म्हणून तीच पडझड पुरुषाला मुका मार देऊन जाते आणि बाईचा खुबा मोडते.

या सगळ्यावर भीती स्वार होते. बाई चालायचं कमी करते, म्हणून पाय आणखी दुबळे होतात, म्हणून ती पुन्हा पडते. पडण्याच्या भीतीनेच पुढचं पडणं जवळ येतं, हे आता डॉक्टरही मानतात. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात. अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यांवरच्या अपघातांखालोखाल याचाच नंबर, आणि त्यात सर्वांत जास्त साठीच्या पुढची. रस्त्यावरच्या अपघाताची बातमी होते. न्हाणीघरातल्या अपघाताची होत नाही, "वय झालं होतं" एवढंच म्हणतात.

आमच्या आयांना असं होत नव्हतं का? होत असणार. पण त्यांची कसरत दिवसभर चालू असायची. विहिरीवरून एक घागर डोक्यावर, एक कमरेवर, ओल्या वाटेने घरी. चुलीपुढे उकिडवं बसणं, उठणं. जमिनीवर पाट मांडून जेवणं. डोक्यावर भरलेली घागर घेऊन चालणाऱ्या बाईला तोल शिकवावा लागत नाही. आता गॅस आला, कमोड आला, नळ आला (कधी कधी पाणीही येतं), आणि मी देवाचे आभार मानते, कारण माझ्या आईची कंबर पन्नाशीतच वाकली होती, ते दिवस मला परत नकोत. फक्त त्या कष्टांबरोबर जो व्यायाम गेला, त्याच्या जागी आपण काही आणलं नाही.

आता पाण्याकडे येते.

बाजारातल्या त्या प्रसंगानंतरच्या उन्हाळ्यात मी पुण्याला मुलाकडे गेले होते. त्यांच्या सोसायटीत तरणतलाव आहे. उथळ बाजूला पाणी चार फूट, आणि मी पाच फुटांची. म्हणजे छातीपर्यंत. तिथे एक फिजिओथेरपिस्ट मुलगी आठवड्यातून तीन दिवस चार-पाच वयस्क बायकांना पाण्यात चालवायची. सुनेने मला न विचारता माझं नाव घातलं आणि बाह्या असलेला, घोट्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख आणून ठेवला. माझं सगळं आयुष्य साडीत गेलेलं. दोन दिवस मी तो पोशाख कपाटातून बाहेर काढला नाही. तिसऱ्या दिवशी नातीने तो माझ्या पलंगावर पसरून ठेवला आणि म्हणाली, "आजी, तू आम्हाला सांगतेस ना, भिऊन काय होतं?"

आम्हा मुलींना पाण्याची ओळख फक्त भरण्यापुरती. माझे भाऊ पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत उड्या मारून पोहायला शिकले, कुणी वाळलेला भोपळा बांधायचे. आम्ही काठावर त्यांचे कपडे सांभाळायचो. एकाहत्तराव्या वर्षी मी पहिल्यांदा पाण्यात उतरले, पोहायला नव्हे, नुसती उभी राहायला.

पहिल्या दिवशी त्या मुलीने एकच काम दिलं. कठडा धरून उभ्या राहा. मग एक हात सोडा. मग दुसरा. दहा मिनिटं मी एवढंच केलं आणि दमले. चौथ्या दिवशी तिने एक पाय उचलायला सांगितला. मी उचलला, डगमगले, आता गेले असं वाटलं, डोळे मिटले आणि काहीच झालं नाही. पाण्याने मला धरलं होतं. खच्चून भरलेल्या सिटी बसमध्ये पडायला जागाच नसते, अगदी तसं. मी हसले, मोठ्याने. तिथल्या बायकांना वाटलं टीचरच्या नाकात पाणी गेलं.

वाचकहो, मी धारवाडच्या कर्नाटक कॉलेजची बी.एस्सी. तीस वर्षं मुलांना आर्किमिडीजचा नियम शिकवला. स्प्रिंगच्या काट्याला दगड टांगायचा, पाण्यात सोडायचा, काटा कमी दाखवतो, का ते सांगा. ते स्वतःच्या अंगावर करून बघायचं मात्र कधी सुचलं नाही. कमरेपर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायांवर वजनाचा साधारण अर्धा भार येतो. छातीपर्यंत गेलं की साधारण तिसरा हिस्सा, गळ्यापर्यंत गेलं तर फक्त दहावा. माझं वजन बासष्ट किलो. म्हणजे त्या तलावात माझे दुखरे गुडघे वीस-एकवीस किलोच उचलत होते, शाळेतल्या पहिली-दुसरीच्या पोरीइतके.

पण हलकं होणं ही अर्धी गोष्ट. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घट्ट आहे. जमिनीवर तोल गेला की डोळ्याचं पातं लवेपर्यंत माणूस खाली. पाण्यात तोल गेला तर शरीर सावकाश कलतं, आणि तेवढ्या वेळात पायाला पुढे यायला, हाताला पसरायला, कमरेला सावरायला सवड मिळते. जे काम शरीर विसरत चाललं होतं तेच त्याला परत परत, न घाबरता करायला मिळतं. शिवाय पाणी गप्प बसत नाही. शेजारची बाई चालत गेली की तिच्या लाटेने तुम्ही हलता, आणि उभ्या उभ्याच घोटे काम करू लागतात. जितक्या जोराने हात-पाय ढकलाल तितक्याच जोराने पाणी अडवतं, म्हणून ताकदही येते. आणि दुबळ्या बाईला ते बेताने अडवतं. वजनं उचलायच्या यंत्राला एवढी दया नसते.

आम्ही करायचो काय? पुढे चालणं, मागे चालणं, खेकड्यासारखं आडवं चालणं. मागे चालणं सर्वांत कठीण आणि सर्वांत उपयोगी, कारण आम्ही मागे सरकतानाही पडतो, कपाटाचं दार उघडताना, नातवाला वाट देताना. टाचेला दुसऱ्या पायाचा अंगठा लावून एका रेषेत चालणं. टाचा उचलणं. वळणं. कठड्याजवळ एका पायावर उभं राहणं, आधी बोट टेकवून, मग बोट सोडून. पंचवीस-तीस मिनिटं. सहा आठवड्यांनी एका सकाळी माझ्या लक्षात आलं की मी सलवार उभ्याने घातली आहे. भिंत धरली नव्हती. मी परत काढून परत घातली, खात्री करायला.

एका बाईच्या सलवारीवरून सिद्धांत मांडू नये, हे विज्ञानाच्या शिक्षिकेला कळतं. म्हणून जे तपासलेलं आहे ते सांगते. २०१९ साली कॉक्रेन या संस्थेने साठीपुढच्या, आपापल्या घरी राहणाऱ्या लोकांवरचे १०८ प्रयोग एकत्र पाहिले, माणसं तेवीस हजारांवर. व्यायामाने पडण्याचं प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी कमी होतं, आणि त्यातही तोलाचे व्यायाम मुख्य, असा निष्कर्ष निघाला. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० च्या मार्गदर्शनात पासष्टीपुढच्यांना आठवड्यातून तीन दिवस तरी तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम सांगितले आहेत. नुसतं सकाळी बागेत फिरून येणं पुरत नाही. पाण्यातल्या व्यायामाने वयस्क बायकांचा तोल आणि पायांची ताकद सुधारते, हेही वेगवेगळ्या देशांतल्या प्रयोगांत दिसलं आहे. पण ते प्रयोग लहान आहेत, आणि जमिनीवरच्या व्यायामापेक्षा पाण्यातला सरस, असं काही छातीठोकपणे म्हणता येत नाही. हाडांच्या बाबतीत तर पाणी थोडं मागेच पडतं, कारण हाड भार पडल्याशिवाय कणखर होत नाही, आणि पाणी भार काढून घेतं.

मग पाणीच का? कारण घाबरलेली बाई जमिनीवर एक पाय उचलतच नाही. तिला कितीही सांगा. ख्रिस्तप्रसाद घेऊन जाते तेव्हा मी प्रत्येकीला सांगून पाहिलं आहे. त्या "हो टीचर" म्हणतात आणि खुर्चीत बसून राहतात. पाण्यात त्या उचलतील. एकदा पाय उचलता येतो असं शरीराला कळलं की मग त्याला जमिनीवर आणायचं. पाण्याचा उपयोग तेवढाच, पण तेवढ्यावाचूनच त्या अडून बसल्या आहेत.

हे काही परदेशी फॅड नाही, असं मी माझ्या बहिणीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, अगं, आपली गोव्याची मावशी मे महिन्यात काय करायची? खरंच की. आपल्यापैकी ज्यांची मुळं गोव्यात आहेत त्यांना आठवेल. मे महिन्यात खाऱ्या पाण्याचं न्हाण घ्यायला समुद्रावर जायची रीत. सांधेदुखीवर ते औषध मानायचे. म्हाताऱ्या बायका फ्रॉक किंवा जुनी साडी गुंडाळून, एकमेकींचे हात धरून गुडघाभर, मांडीभर पाण्यात उभ्या राहायच्या. लाट आली की आरडाओरडा, लाट परतताना पायाखालची वाळू सरकली की हसाहशी. लोकांना वाटायचं मिठाचा गुण आहे. मला आता वाटतं, निम्मा गुण त्या सरकत्या वाळूचा आणि धरलेल्या हातांचा होता.

आणि आपल्या चर्चच्याच इतिहासातला एक माणूस. सेबास्टियन क्नाइप, बव्हेरियातला धर्मगुरू, जन्म १८२१ चा. तरुणपणी क्षयाने खंगला असताना थंडगार डॅन्यूब नदीत बुडी मारून तो बरा झाला असं तो सांगायचा. ती बुडी कुणी मारू नये! पण पुढे वोरिसहोफेन गावी त्याने लोकांना नडगीभर पाण्यात चालायला लावलं, करकोच्यासारखं, दर पावलाला एक पाय पूर्ण पाण्याबाहेर काढून. १८८६ सालचं त्याचं पाण्याच्या उपचारांवरचं पुस्तक युरोपभर खपलं. जर्मनीत त्याच्या पद्धतीची पाण्यात चालायची कुंडं आजही गावोगावी आहेत, कठड्यासकट. फादर रक्ताभिसरणासाठी ते सांगत होता. पण दर पावलाला एका पायावर उभं राहणं म्हणजे दुसरं काय? जपानमध्ये तर सार्वजनिक तलावांत नुसतं चालणाऱ्यांसाठी वेगळी पट्टी राखलेली असते, पोहणारा तिथे यायचा नाही.

आता आपल्या हुबळी-धारवाडकडे.

पुण्याहून परतल्यावर मी इथल्या एका तलावावर चौकशीला गेले. नाव देत नाही, कारण दोष त्या एका तलावाचा नाही. टेबलापाशी बसलेला मुलगा चांगला नम्र होता. म्हणाला, "अज्जी, पोहायला येतं का?" नाही. "मग शिकायच्या बॅचला नाव घाला. बायकांची बॅच सकाळी सहाला." म्हटलं, बाळ, मला शिकायचं नाही, पाण्यात उभं राहायचं आहे. तो माझ्याकडे बघत राहिला. "उभं राहायला तलाव कशाला?" त्याच्या फॉर्मवर दोनच रकाने होते, पोहणारे आणि शिकणारे.

मी आत जाऊन बघितलं. पाण्यात उतरायला भिंतीला ठोकलेली स्टीलची उभी शिडी. सत्तरीच्या बाईने पाठ पाण्याकडे करून ओल्या पायांनी ती उतरायची, आणि गार पडलेल्या गुडघ्यांनी परत चढायची. काठाला धरायला काही नाही. फरशी गुळगुळीत. म्हणजे तोल सुधारण्यासाठी आत जायचं, आणि आत जातानाच पडायचं. सकाळी सहाचं पाणी डिसेंबरात तर सोडाच, फेब्रुवारीतही अंगाला चावतं. पोहणाऱ्यांच्या स्पर्धेसाठी पाणी २५ ते २८ अंशांचं चालतं, ते पोहून गरम होतात. उपचाराच्या तलावात ते ३३ ते ३५ अंश ठेवतात, कारण सावकाश हलणारे सांधे गार पाण्यात आखडतात.

मला त्या वेळी योहानच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या अध्यायातला तो माणूस आठवला. बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षांचा आजारी. प्रवचनात आपण चमत्कार ऐकतो. पण प्रभूने विचारल्यावर तो माणूस आधी काय सांगतो? की मला तळ्यात उतरवायला कुणी नाही, मी जाईपर्यंत दुसराच उतरतो. तळं होतं, पाणी होतं, पाच पडव्या होत्या. जेरुसलेममध्ये सेंट ॲनच्या चर्चशेजारी त्या तळ्याचे अवशेष आजही बघायला मिळतात. उतरायची सोय तेवढी त्याच्यापुरती नव्हती.

मी हे बोलते तेव्हा एक गोष्ट हमखास ऐकावी लागते. "टीचर, इथे प्यायला पाणी नाही, आणि तुम्हाला तलाव हवा?" बरोबर आहे त्यांचं. आपल्या जुळ्या शहराचा निम्मा दिवस "नीर बंदावेन्री?" या प्रश्नात जातो. २००८ साली काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं, तेव्हा आम्ही आशेने बघत होतो. उरलेल्यांनी नंतरही वर्षानुवर्षं कुठे चार दिवसांनी, कुठे आठ दिवसांनी पाणी भरलं. सौंदत्तीच्या धरणातून मलप्रभेचं पाणी येतं, नीरसागर आहे, तरी बादल्या आणि टाक्या भरून ठेवायची आपली सवय सुटलेली नाही. (आणि या भरून ठेवलेल्या बादल्यांना अडखळून किती जणी पडल्या, तेही मोजायला हवं.) पण मी नवा तलाव मागत नाही. एक लिटरही जास्तीचं पाणी मागत नाही. आहेत ते तलाव भरलेलेच आहेत, तेच पाणी गाळून परत आत सोडतात. दुपारी तीन ते चार तिथे कुत्रंही फिरकत नाही. मुलांची कोचिंग चारच्या पुढे सुरू होते. उन्हाने पाणी त्याच वेळेला कोमट झालेलं असतं. फेब्रुवारी ते मे, आठवड्यातून तीन दिवस, तो एक तास आम्हाला द्या.

त्या तासाला लागणारं सामान फार नाही. शिडीच्या जागी रुंद पायऱ्यांचा, दोन्ही बाजूंना कठडा असलेला सुटा जिना, जो आत ठेवता येतो आणि काढता येतो. उथळ बाजूच्या भिंतीला एक पाइप. फरशीवर रबरी चटई, कारण सगळ्यात धोक्याची जागा पाणी नव्हे, काठ आहे. आणि काठावर पोहता येणारी एक बाई, जी फोन बघत बसणार नाही. शिकवायला आपल्या भागात फिजिओथेरपी शिकणारी मुलं-मुली कमी नाहीत, आणि त्यांनाही शिकायला खरी माणसं हवीच असतात.

लाजेचं काय? आमच्या वयाच्या बायका पाण्यात उतरतील का? साडीत उतरू नये, हे आधीच सांगते. ती फुगते, पायात गुंडाळते, ओली झाली की शिशासारखी ओढते. अंगभर, पण अंगासरशी बसणारा पोशाख हवा, तो आता मिळतो. बाकी लाज म्हणाल तर, पुण्याच्या त्या तलावात आमच्यात एक नऊवारीत वाढलेली ब्राह्मण आजी होती, एक बोहरी बाई होती आणि मी. पाणी छातीपर्यंत आलं की कुणाचं पोट सुटलंय ते कुणाला दिसत नाही.

कुणी उतरू नये तेही लिहिते, नाहीतर कुणी माझ्या भरवशावर जाईल. उघडी जखम असेल, फिट येत असेल, हृदय अशक्त असेल, प्रेशर आटोक्यात नसेल, लघवी थांबत नसेल, तर आधी डॉक्टर. बाकीच्यांनीही एकदा विचारूनच जावं. एकटीने कधीही नाही. बाहेर येताना सावकाश, पायरीवर थांबत, कारण पाण्याचा दाब अंगावरून उतरला की रक्त पायांकडे धावतं आणि चक्कर येऊ शकते. आणि पाण्यात असलं तरी तहान लागते, घोटभर पाणी पिऊन यावं.

तलाव मिळेपर्यंत ओटा आहेच. स्वयंपाकघराच्या ओट्याला दोन्ही हात टेकवून टाचा वर-खाली, दहा वेळा. खुर्चीतून हात न टेकता उठणं, जमेल तितकं, खुर्ची मात्र भिंतीला टेकलेली. ओट्यापाशीच एका पायावर, एक नमो मरिया म्हणून होईपर्यंत. घाई न करता म्हटली तर साधारण दहा सेकंद होतात. ब्राझीलमध्ये पन्नाशी ते पंचाहत्तरीच्या सतराशे लोकांना दहा सेकंद एका पायावर उभं करून पाहिलं होतं, आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ज्यांना ते जमलं नाही त्यांच्यात पुढच्या काही वर्षांतल्या मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त आढळलं. न जमल्याने माणूस मरतो असा त्याचा अर्थ नाही, आत काहीतरी ढासळतंय याची ती खूण. आमच्या शेजारणीने विचारलं, टीचर, एका पायावर प्रार्थना केलेली चालते का? म्हटलं, पडून केलेल्यापेक्षा देवाला बरी वाटेल.

माझ्या यादीतल्या दोघींना मी गेल्या महिन्यात ओट्यापाशी उभं केलं. एकीने चौथ्या दिवशी सोडून दिलं. दुसरी अजून करते आहे, खुब्यात लोखंड असलेली. पाण्यात येशील का विचारल्यावर ती म्हणाली, "तुम्ही पुढे असाल तर येईन."

धारवाडमधल्या ज्या भगिनींना तलावाच्या अर्जावर सही करायची असेल, मग त्या कुठल्याही धर्मग्रामाच्या असोत, कुठल्याही धर्माच्या असोत, त्यांच्यासाठी मी येत्या दोन्ही रविवारी साडेसातच्या मिस्सानंतर आमच्या चर्चच्या व्हरांड्यात टेबल मांडून बसणार आहे. सही करायला पायऱ्या चढाव्या लागू नयेत म्हणून टेबल खालीच ठेवू.

— एक निवृत्त शिक्षिका, धारवाड